आरंभशूरांचा कैवार

मराठी भाषेत बाईमाणसाला गप्प बसवण्याची हत्यारे पुष्कळ आहेत. त्यांतले सर्वांत हलके, आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरले जाणारे हत्यार म्हणजे म्हण. वाद घालायचा तर पुरावा द्यावा लागतो. म्हणीला तो लागत नाही. एखाद्या बाईच्या पिशवीत दोन सुयांवर अडकलेला अर्धा स्वेटर, क्रोशाच्या सुईला लोंबकळणारा रुमालाचा कोपरा आणि पलंगामागे चौकटीवर वीतभर विणून ठेवलेले आसन, अशा तीन वस्तू एकदम सापडल्या, की घरातले कुणीही, अगदी ज्याला स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही असा मनुष्यसुद्धा, न्यायाधीशाच्या आवाजात निकाल देतो : "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

हा निकाल ऐकून मान खाली घालणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. एरवी सासूशी, नवऱ्याशी, प्रसंगी नगरपालिकेशीही चार हात करणाऱ्या या बायका विणकामाच्या पिशवीचा विषय निघाला की एकाएकी अपराधी होतात. "हो, एकदा बसून पुरं केलं पाहिजे," असे पुटपुटत पिशवी पायाने पलंगाखाली सरकवतात. त्यांच्या वतीने, आणि अर्थात माझ्याही वतीने, मला या निकालावर अपील करायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचावे की फराळाकडे वळावे हे ज्याचे त्याला ठरवता येईल. एका वेळी तीन, चार किंवा पाच विणकामे चालू ठेवणे हा दोष नाही. तो आळस नव्हे, धरसोड नव्हे. ज्या बाईचा दिवस तिच्या मालकीचा नाही, तिने छंद करायचा तर तो असाच करता येतो; आणि असा केला तरच तो छंद राहतो.

अपील करणाराने आपली परिस्थिती लपवू नये. मी शाळेत शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, आणि त्याहूनही उरल्या वेळात विणते. आजमितीला माझ्याकडे पाच कामे चालू आहेत. दहा नंबरच्या सुयांवर यजमानांचा बिनबाह्यांचा स्वेटर. त्याची पाठ झाली आहे, पुढा छातीपर्यंत आला आहे. जाळीच्या नमुन्याची एक शाल. सगळ्या सुया सुलट अशी एक साधी, लांबलचक मफलर. क्रोशाचे चौकोन, जे जोडून कधीतरी पलंगपोस व्हायचा आहे. आणि चौकटीवर उभे धागे ताणून घेतलेले एक सुती आसन. ही पाचही कामे चालू आहेत. पडून एकही नाही. 'चालू' आणि 'पडून' यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी विणकामाबद्दल बोलू नये, अशी माझी पहिली मागणी आहे.

आता, पाच एकदम का? तर ही पाच कामे पाच निरनिराळ्या वेळांची आहेत म्हणून. हे ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांना नीट समजावून सांगितले पाहिजे. दोन सुयांवरच्या विणकामात ऐंशी-शंभर टाके सगळेच्या सगळे उघडे असतात. ते सुईवर आहेत तोवरच त्यांचा जीव. अशी एक सुई विणायला घेतली की ती निदान शेवटापर्यंत जायला हवी. मध्येच उठले आणि काम तसेच दोन दिवस राहिले, तर त्या जागी टाका ओढला जाऊन सैल पडतो, आणि विणणारणीला तो स्वेटरभर तिथेच दिसत राहतो. जाळीच्या नमुन्याची गोष्ट तर त्याहून नाजूक. दोन टाक्यांचा एक, धागा पुढे, तीन सुलट, पुन्हा दोन टाक्यांचा एक, असे मोजत जायचे असते. मध्येच कुणी "अगं, किल्ली कुठं आहे?" असे विचारले, की किल्ली सापडते आणि टाका हरवतो. म्हणून ती शाल रविवारी दुपारी, सगळे घर जेवून आडवे झाल्यावरच बाहेर येते.

क्रोशाचे तसे नाही. क्रोशात, तुम्ही कितीही मोठा पलंगपोस करा, उघडा टाका एका वेळी एकच. साखळी घाला, मुका खांब घाला, खांब घाला, आणि दूध उतू जाऊ लागले की तो एकुलता एक टाका जरा लांब ओढून सुई बाजूला ठेवा. दूध उतरवून या. टाका तुमची वाट पाहत असतो. फार तर एखादा खांब उसवेल. म्हणून क्रोशे हे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरचे, दवाखान्यातल्या बाकावरचे आणि शिकवणीच्या दारात मुलाची वाट पाहतानाचे काम. मफलरला तर डोळ्यांचीही गरज नाही. ती एस.टी.त होते, टीव्हीसमोर होते, आणि आमच्या शिक्षकांच्या सभेतही, अध्यक्षांच्या नजरेआड, टेबलाखाली वीतभर पुढे सरकते.

मागाचा स्वभाव या सगळ्यांच्या उलट. चौकट लहान असली तरी ती जागची हलत नाही. उभे धागे एकदा ताणले की ते तसेच ताणलेले राहिले पाहिजेत. आडवा धागा फार ओढला तर काठ आत येतो, सैल सोडला तर बाहेर पसरतो. हात बसायलाच पाव तास जातो, त्यामुळे सलग तासभर आणि दिवसाचा उजेड मिळणार नसेल तर तिथे न बसलेलेच बरे. शिवाय, विणलेले उसवता येण्याचे जे सुख सुईत आहे ते मागावर नाही.

आता सांगा, दिवसात मला मिळणार काय? सकाळी दूध तापेतोवर दहा मिनिटे, बसमध्ये वीस, मधल्या सुट्टीत बारा, रात्री बातम्यांच्या वेळी अर्धा तास, आणि नशीब असेल तर रविवारची दुपार. ज्याच्या हाती एकच काम आहे तो या पाचांपैकी चार वेळा हात बांधून बसेल. कारण हाती आलेला वेळ त्या कामाच्या मापाचा नसेल. ज्याच्या हाती पाच कामे आहेत त्याचा यांतला एकही तुकडा वाया जात नाही. यात धरसोड कुठे आली? ही तर काटकसर झाली. मनगटाचाही हिशेब आहे. तासभर दोन सुया चालवून दुखू लागलेली मनगटे क्रोशाच्या एका सुईवर विसावतात, कारण हालचालच वेगळी. काम बदलणे ही हाताची विश्रांती आहे. हे शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि तीन तासांची सलग परीक्षा घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ठाऊक असायला हवे.

आणि ज्या घरात हा निकाल दिला जातो त्याच घराच्या स्वयंपाकघरात जरा डोकावून पाहा. एका शेगडीवर भात रटरटतो आहे, दुसरीवर आमटीला फोडणी पडते आहे, कणीक तिंबून झाकून ठेवली आहे, उद्याच्या इडलीचे पीठ आंबते आहे, फडताळात लोणचे मुरते आहे, आणि गच्चीवर पापड वाळत आहेत. सहा कामे, सहाही अर्धवट! तिथे कुणी म्हणत नाही, की आधी भात पुरा कर, मग डाळ शिजत घाल. उलट असे सहा ठिकाणी लक्ष ठेवणारीला आपण 'सुगरण' म्हणतो. हीच बाई, हेच हात, हीच बुद्धी. पण जे काम दुसऱ्यांच्या पोटात जाते तिथे ते कौशल्य ठरते, आणि जे काम तिच्या स्वतःच्या आनंदाचे असते तिथे त्याच्या चिंध्या होतात. हा न्याय नव्हे. ही सोय आहे.

सुगरणीचे नाव निघाले म्हणून सांगते. घरातल्या मुलींना चिकाटीचा धडा द्यायचा झाला की सुगरणीच्या खोप्याकडे बोट दाखवायची आपली रीत आहे. एक एक काडी आणून एकच घर पुरे करणारी ती पाहा, म्हणे! आता या पाखराची खरी हकीकत ऐका. 1930 साली जर्मनीहून परतल्यावर सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहिले होते, आणि तिथल्या सुगरणींच्या वसाहतीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. पहिली गोष्ट, खोपा विणणारी 'ती' नसून 'तो' असतो. दुसरी, तो खोपा आधी अर्धाच विणतो, शिरस्त्राणाच्या आकाराएवढा. मग माद्या येऊन आत-बाहेर पाहणी करतात. एखादीला पसंत पडला की तो पुरा करून त्याला खालची लांब नळी जोडायची. पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच झाडावर झुलत राहतात. आणि एक घर मार्गी लागले की हे गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसरे घर सुरू करतात. निसर्गातला सर्वांत कुशल विणकर म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्याच्या नावावर एका हंगामात पुऱ्या खोप्यांबरोबर असे अर्धवट खोपेही असतात. त्याला कुणी आरंभशूर म्हटल्याचे मी ऐकले नाही.

आमचे विरोधक यावर माणसाचे उदाहरण देतील. म्हणतील, "पाखराचं सोडा; येवल्याचा विणकर पाहा. एकच पैठणी घेऊन महिनोन्महिने बसतो, म्हणून तर ती पैठणी होते." येवले आमच्याच जिल्ह्यात आहे, तिथले माग मी पाहिले आहेत. पदरातला मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, अशा कितीतरी छोट्या कांड्या विणकराच्या हाताखाली असतात, आणि आडव्या धाग्याची एकेक फेरी त्या सगळ्यांच्या गाठीभेटी घेत पुरी होते. त्याच्या धीरापुढे मी हात जोडते. पण तो एकच काम धरून बसतो ते आपल्याला धडा द्यावा म्हणून नव्हे. ताणा एकदा मागावर चढला की तो उतरवून दुसरा चढवणे ही चेष्टा नव्हे. आणि घरातली चूल त्या मागाशी बांधलेली असते. साडी पुरी होईपर्यंत दाम नाही. त्याचे ते पोट आहे. पोटाची शिस्त छंदाला लावणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी मुलांना घंटा वाजवून खेळायला लावण्यासारखे आहे.

इथे दुसरे विरोधक पुढे सरसावतात, आणि हे पहिल्यांपेक्षा सभ्य असतात. ते म्हणतात, "पुरं कर अगर नको करूस, पण याचा उपयोग काय? लुधियानाचा कारखान्यातला स्वेटर तुझ्या नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो." अगदी खरे आहे. चांगली लोकर घेऊन हाताने स्वेटर विणणे हा आज बचतीचा मार्ग राहिलेला नाही, आणि ज्या बायका अजून "घरी केलेलं स्वस्त पडतं" अशी सबब सांगतात त्यांनी ती सोडून द्यावी. खोट्या सबबीने खरी गोष्ट दुबळी होते. निफाडचा पारा दरवर्षी वर्तमानपत्रात गाजतो, नाशकात स्वेटर लागतो हेही खरे. पण मी लागतो म्हणून विणत नाही. विणावेसे वाटते म्हणून विणते. पुरुष मनुष्य बुद्धिबळाचा डाव मांडतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, की या डावातून घरात काय येणार? त्याच्या उशाशी पान दुमडून ठेवलेली तीन पुस्तके असतात; त्यांना कुणी चिंध्या म्हणत नाही, 'वाचन' म्हणतात.

मग तिसरे येतात. हे सर्वांत गोड बोलणारे, म्हणून सर्वांत धोक्याचे. "इतकं छान करतेस तर विकत का नाहीस? चार पैसे सुटतील. हल्ली मोबाईलवर फोटो टाकला की गिऱ्हाईक येतं." ज्या बाईला पैशाची गरज आहे तिने जरूर विकावे, आणि आपल्या तासांचा दाम मोजून घ्यावा. पण तो दाम मिळतो का, हे एकदा पाहावे. आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि तिचा पुढे परदेशी पाठवण्याचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन विदुषीने तिथे राहून पाहणी केली. तिचे पुस्तक 1982 साली निघाले. एक बाई नुसती फुले करते, दुसरी ती जोडते; माल व्यापाऱ्याकडे जातो आणि समुद्रापार विकला जातो. या बायका दिवसाचे कित्येक तास राबतात, आणि मजुरी नाममात्र. का? तर त्या म्हणे गृहिणी आहेत आणि हे त्यांचे फावल्या वेळचे काम! 'फावला वेळ' हा शब्द किती महागात पडू शकतो ते नरसापूरला जाऊन विचारावे. आणि ही गोष्ट एकट्या नरसापूरची नव्हे. स्वेटर यंत्रावर होतो, पण बाजारातला खरा क्रोशे अजूनही माणसाच्याच हातून उतरतो. दुकानात क्रोशाचे झुळझुळीत जाकीट भाजीच्या भावात लटकलेले दिसले, तर त्याची उरलेली किंमत कुठल्यातरी बाईने आपल्या मनगटांतून दिलेली असते, हे नक्की समजावे.

म्हणून मी सांगते, की 'पुरे कर' आणि 'विक' ही एकाच पोटची दोन भावंडे आहेत. दोघांनाही वस्तू हवी आहे. बाईचा वेळ तिचा स्वतःचा आहे, ही गोष्ट मात्र दोघांनाही खपत नाही. घरातल्या तिच्या प्रत्येक कामाला मुदत आहे. डबा सात वाजता, शाळा साडेदहाला, वह्या शनिवारपर्यंत, फराळ वसुबारसेच्या आत. एवढ्या मुदतींच्या गर्दीत बिनमुदतीचे असे एकच काम तिच्याजवळ आहे, आणि ते तिच्या पिशवीत आहे. ते अर्धे आहे याचा अर्थ इतकाच, की ते अजून तिचे आहे. पुरे झाले की ते नवऱ्याचे होते, भाचीचे होते, पलंगाचे होते.

ग्रीकांची पेनेलोपी आठवते का? नवरा युद्धावर गेलेला, परत येत नाही. दारात पुनर्विवाहासाठी हटून बसलेल्या मागणीदारांची झुंड. तिने सांगितले, सासऱ्यांच्या अंत्यवस्त्राचे विणकाम पुरे होऊ द्या, मग निर्णय देईन. दिवसा मागावर विणायचे, रात्री दिव्याच्या उजेडात उसवायचे. तीन वर्षे तिने असा किल्ला लढवला. घरच्याच एका दासीने फितुरी केली तेव्हा तिला ते वस्त्र पुरे करावे लागले. जगातल्या एका थोर महाकाव्यात एका बाईचे स्वातंत्र्य नेमके किती दिवस टिकले? विणकाम अर्धवट होते तितके दिवस. आम्हाला तिच्यासारखे संकट नाही, परमेश्वराची कृपा. पण रात्री साडेदहाला भांडी आवरून दहा टाके विणणारीला पेनेलोपीचे मन कळते.

माझा धंदा शिक्षकाचा, तेव्हा शाळेचेही सांगते. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातउद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि मग टकळ्या कितीतरी शाळांतून फिरू लागल्या. कल्पना अशी होती की हात शिकेल आणि हाताबरोबर डोके शिकेल. त्यातले आज शाळेत काय उरले आहे? कार्यानुभवाच्या तासाला एक वस्तू, सत्राअखेर पुरी करून दाखवायची, तिला गुण. परिणाम असा, की प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांच्या आया जागून पायपुसणी पुरी करतात आणि मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. वस्तू पुरी झाली. हात मात्र कोराच राहिला. ज्या मुलीने एक आसन, एक पिशवी, एक पट्टी अशी तिन्ही अर्धवट टाकली पण उभ्या-आडव्या धाग्यांचे मर्म ओळखले, तिला आम्ही नापास करतो. तीच मुलगी पुढे आपल्या पिशवीकडे पाहून लाजणारी बाई होते.

आणि हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दिवाळी आली की घरोघर माळे उतरतात, कपाटे रिकामी होतात, बोहारणीची हाक येते. आमच्या ओळखीच्या एका घरी आजी होत्या. क्रोशाचे पांढरे चौकोन करीत. किती झाले होते कुणी मोजले नाही. पत्र्याच्या एका डब्यात ते रचलेले असत. "आजी, पलंगपोस कधी होणार?" हा त्या घरातला कायमचा विनोद. एका वर्षी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या, आणि मागे दिवाळीची सफाई झाली. सून वाईट नव्हती. तिने डबा उघडला, सगळे सुटे चौकोन पाहिले, आणि जुन्या साड्यांबरोबर बोहारणीला घातले. त्यावर एक पातेले आले. पलंगपोस पुरा झालेला असता तर त्याला कुणी हात लावला नसता. अर्धवट, म्हणजे काहीच नाही, असे घराने केव्हाच ठरवून टाकले होते. आजी परत आल्या, डबा उघडून पाहिला, आणि एवढेच म्हणाल्या, "सुई तरी ठेवलीत का?"

'भाराभर चिंध्या' या म्हणीचा शेवट असा होतो. आणि गंमत पाहा, ज्या भाषेने ही म्हण घडवली, तिच्याच घरात चिंध्यांची गोधडी होते. फाटक्या धोतराचा अस्तर, आईच्या नऊवारीचा काठ, मुलाच्या झबल्याचा तुकडा, सगळे एकावर एक घालून बारीक धावदोऱ्याने आम्ही पांघरूण उभे करतो, आणि नवजात मुलाला पहिल्यांदा त्याच चिंध्यांत गुंडाळतो. चिंधीचा एवढा मान जिथे आहे तिथे ती शिवी कशी झाली, हे भाषापंडितांनी सांगावे.

आता उलटतपासणीला तोंड देते. या पद्धतीत धोके नाहीत का? आहेत, पण त्यांचा इलाज म्हणजे एकाच कामाला जुंपून घेणे नव्हे. माझ्या मते तीन नियम पुरेत. पहिला, जे कुणाला कबूल केले ते काम सगळ्यांच्या पुढे. बाळंतविडा हा छंद नव्हे; ते देणे आहे. बाळ तुमच्या रविवारच्या दुपारची वाट पाहत नाही, ते वाढत जाते, आणि डिसेंबरात हवे असलेले मोजे होळीला घेऊन जाणे शोभत नाही. दुसरा, प्रत्येक कामाला त्याची चिठ्ठी. सुयांचा नंबर, नमुना, कितवी सुई चालू आहे, हे कागदावर लिहून कामाला टाचून ठेवावे. लोकर लागेल तेवढी एकदम घ्यावी. पुढच्या खेपेची लोकर नावाने तीच असली तरी रंगाने तीच नसते. आणि पिशवी दर महिन्याला उघडून उन्हात झटकावी, कारण कसर कुणाचा कैवार ऐकत नाही. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्या कामातून मन पार उठले आहे ते उसवून टाकावे. रडू नये, लाजू नये. लोकर उसवून तिची लड करावी, कोमट पाण्यातून काढून वजन बांधून वाळत घालावी. तिच्या सुरकुत्या जातात आणि ती पुन्हा गुंडा व्हायला तयार होते. भात करपला तर तांदूळ परत मिळत नाहीत, कादंबरी फसली तर गेलेली वर्षे परत येत नाहीत. सुईवरच्या विणकामाइतकी क्षमाशील विद्या मला दुसरी माहीत नाही. या तीन नियमांत जे बसते ते सारे 'चालू'. मग ते पाच वर्षे का चालेना.

घरातल्या इतरांसाठी मात्र एकच नियम आहे, आणि तो पाळायला लोकरही लागत नाही. दिवाळीच्या या चार दिवसांत, फराळाची ताटे आवरल्यावर, तुमची आई, बायको, बहीण किंवा सून जेव्हा पिशवी जवळ ओढून बसेल, तेव्हा "हे कधी संपणार?" असे विचारू नका. "कुठवर आलं?" असे विचारा. ती पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवील. ही मफलर, हा स्वेटराचा पुढा, हे चौकोन. जाळीची शाल उजेडाकडे धरील आणि कुठल्या ओळीला हात अडला होता ते बोटाने सांगेल. पाच मिनिटे ऐकून घ्या. आणि त्या वेळात कुणाला घरातली किल्ली सापडत नसेल, तर ती त्याची त्याने शोधावी.